साष्टीचा इतिहास : सत्तांतर आणि सातत्य

मुंबई बेटाच्या उत्तरेस असलेले साष्टी हे बेट सहासष्ट गावांचा प्रदेश म्हणून या नावाने ओळखले गेले. मुंबई उपनगर जिल्ह्यातील अंधेरी व बोरिवली हे तालुके, कुर्ला तालुक्याचा घाटकोपर-मुलुंडसह बराचसा भाग आणि ठाणे जिल्ह्यातील ठाणे शहराचा परिसर यांचा समावेश या बेटात होतो. १५३४ च्या वसईच्या तहाने गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने वसईसह हा मुलूख पोर्तुगीजांना दिला. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी जिंकला आणि डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला घेऊन इंग्रजांनी त्याचा कबजा केला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. सुमारे अडीचशे वर्षांत तीन सत्तांतरे पाहिलेल्या या लहानशा प्रदेशाच्या इतिहासाची मांडणी करताना अभ्यासकांपुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. राज्यकर्ता बदलला म्हणजे इतिहासाचे एक युग संपून दुसरे सुरू झाले असे मानावे, की राज्ये येतजात असताना भूमी, महसूल व ग्रामव्यवस्था यांचा प्रवाह अखंड राहिला असे समजावे?

हा प्रश्न एकट्या साष्टीचा नाही. फ्रान्समधील १७८९ च्या क्रांतीने जे केंद्रीकरण पूर्णत्वास नेले त्याची सुरुवात राजेशाहीनेच केली होती, असे आलेक्सी द तॉकव्हील याने १८५६ मध्ये प्रतिपादन केले व क्रांती आणि सातत्य या वादाचा पाया घातला. आधुनिक चीनच्या इतिहासलेखनात हाच वाद अधिक तीव्रतेने झाला. जॉन किंग फेअरबँक व त्याचे सहकारी यांनी १९५० नंतरच्या दशकात एकोणिसाव्या शतकातील चीनचा इतिहास हा मुख्यतः पाश्चात्त्य आघाताला चीनने दिलेला प्रतिसाद म्हणून मांडला. फिलिप कून याने १९७० मध्ये, तर पॉल कोहेन याने १९८४ मध्ये या दृष्टीला छेद देऊन परिवर्तनाची मुळे चिनी समाजाच्या अंतर्गत घडामोडींत शोधली. पुढे १९११ व १९४९ ही वर्षेसुद्धा निर्विवाद सीमारेषा राहिली नाहीत. ग्रामीण कारभार, करवसुली, स्थानिक पुढाऱ्यांचे बळ अशा बाबतींत क्रांतीच्या अलीकडचे व पलीकडचे धागे जुळविले जाऊ लागले. चीनमध्ये क्रांती ही राज्याची अधिकृत जन्मकथा असल्याने तेथे सातत्याचा शोध घेणे हे धाडसाचे ठरते. साष्टीत नेमके उलट आहे. तेथे सातत्य सांगणे सोपे आणि सोयीचे आहे. खरी फूट कोठे पडली हे सांगणे अवघड आहे.

साष्टीविषयीचे पहिले व्यवस्थित लेखन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. जुझे गेर्सन द कुन्हा या गोव्याच्या वैद्यकतज्ज्ञाने चौल व वसई यांच्या इतिहासावरील आपला ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध केला. जेम्स कँबेल याच्या संपादकत्वाखाली ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरचे भाग १८८२ मध्ये निघाले. द कुन्हाचे लेखन चर्चे, मठ व शिलालेख यांच्या वर्णनाने समृद्ध आहे आणि पोर्तुगीज वैभवाच्या अस्ताबद्दलची हळहळ त्यात लपत नाही. गॅझेटिअरची माहिती अधिक विस्तृत असली, तरी तीत पोर्तुगीज राजवट धर्मछळाची, मराठी राजवट करवाढीची व इंग्रजी राजवट सुव्यवस्थेची, असा एक चढता क्रम गृहीत धरलेला दिसतो. गॅझेटिअर हा शासकीय ग्रंथ असल्याने हे साहजिक होते. आश्चर्य वाटते ते त्यानंतरच्या लेखकांनीही हा क्रम फारसा न तपासता स्वीकारला याचे.

मराठी लेखनात याच काळाची दुसरी बाजू पुढे आली. साष्टीची बखर, अंजूरकर नाईकांचे कागद आणि पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासून निघालेल्या पंचेचाळीस खंडांतील वसई मोहिमेचे कागद यांच्या आधारे १७३७–३९ च्या युद्धाचा तपशीलवार वृत्तांत लिहिणे शक्य झाले. य. न. केळकर यांचा वसईच्या मोहिमेवरील ग्रंथ या परंपरेतील आहे. लष्करी हालचाली, रसद, सुरुंग व पत्रव्यवहार यांबाबतीत हे लेखन भरीव आहे. पण १७३९ मध्ये वसई पडली की ते थांबते. मुक्ती झाल्यानंतर मालाड, मरोळ वा मागाठाणे येथील कुळाच्या भाताच्या वाट्यात काय फरक पडला, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येतच नाही. द कुन्हा ज्याला अस्त म्हणतो त्याला मराठी लेखक उदय म्हणतात एवढाच फरक. १७३९ ही युगाची सीमा आहे याविषयी दोघांचे एकमत आहे.

या समजुतीला पहिला धक्का बसला तो अनपेक्षित बाजूने. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये महिकावतीची बखर संपादून प्रसिद्ध केली व तिला दीर्घ प्रस्तावना जोडली. उत्तर कोकणात एकामागून एक राजवटी आल्या व गेल्या तरी सामान्य लोक हलले नाहीत, याची मीमांसा त्यांनी या प्रस्तावनेत केली. अन्नाची विपुलता व गावाची स्वयंपूर्णता यांमुळे लोकांना राज्यसंस्थेची गरजच वाटत नव्हती. स्वकीय असो वा परकीय, सरकार म्हणजे वरून येऊन बसलेली उपटसुंभ टोळी अशीच त्यांची धारणा होती, असा त्या विवेचनाचा रोख आहे. ज्या अभ्यासकाने आपले आयुष्य मराठ्यांच्या इतिहासाची साधने जमविण्यात वेचले त्यानेच हे लिहावे, ही मराठी इतिहासलेखनातील एक विलक्षण घटना होय. फ्रान्समधील आनाल पंथाच्या नियतकालिकाचा प्रारंभ १९२९ मध्ये झाला हे लक्षात घेतले, तर राजवाड्यांच्या दृष्टीचे वेगळेपण अधिक उठून दिसते.

तथापि राजवाड्यांचा सिद्धांत त्यांनीच छापलेल्या साधनाशी जुळत नाही. या बखरीचा महत्त्वाचा भाग शके १३७० मध्ये (इ. स. १४४८) केशवाचार्य याने रचला. त्यात मालाडचा देसला नायकोराव याची कथा येते व राज्य गेल्यामुळे बुडालेल्या महाराष्ट्रधर्माची चिंता व्यक्त होते. राज्याविषयी उदासीन असलेल्या समाजाची ही भाषा नव्हे. पुढे पोर्तुगीज अमलाच्या अखेरीस त्याच मालाडचा देसाई अंताजी रघुनाथ आणि अंजूरचा गंगाजी नाईक हे पुण्याशी संधान बांधून साष्टीवर स्वारी घडवून आणण्याच्या खटपटीत दिसतात. म्हणजे वतनदार वर्ग तरी उदासीन नव्हता. वतनाचे काय होणार याकडे त्याचे डोळ्यांत तेल घालून लक्ष होते. महिकावतीची बखर ही मुख्यतः कुळे, गावे व वृत्ती यांची नोंद आहे, हेही येथे विसरता येत नाही. उदासीनता असलीच तर ती वतन नसलेल्यांची, आणि त्यांनी बखर लिहिली नाही. राजवाड्यांनी वतनदारांच्या कागदावरून वतनहीनांच्या मनाचा निष्कर्ष काढला, हा त्यांच्या मांडणीतील मर्मस्थानी असलेला दोष म्हणावा लागतो.

राजवाड्यांनंतर सातत्याची कल्पना अधिक ठोस पुराव्यावर उभी राहिली, ती महसुलाच्या कागदांमुळे. सिमाँव बोतेल्यू याने १५५४ मध्ये पोर्तुगीज मुलखाच्या उत्पन्नाची जी नोंदवही तयार केली तीत वसईच्या प्रदेशातील महसूल भाताच्या मुड्यांत मोजलेला आढळतो. मुडा हे माप पोर्तुगीजांनी आणले नाही, ते येथेच होते. त्यांनी त्याचा उच्चार तेवढा बदलला. गावे ठराविक खंडावर, बहुधा तीन पिढ्यांपर्यंत, पोर्तुगीज सरदारांना देण्यात येत व त्याबदल्यात त्यांनी मुलखात राहून घोडा बाळगावा, अशी अट असे. या खंडाला फोरो म्हणत. मुंबईच्या जमीनव्यवहारात रूढ झालेला ‘फोरास’ हा शब्द त्यातूनच आला. मराठी अमलात व इंग्रजी अमलाच्या आरंभीही उत्तर कोकणात मुडेबंदी व हुंडेबंदी, म्हणजे मोजणी न करता ठोकळमानाने ठरविलेली आकारणी, चालू राहिली. मुडा टिकला, ठोकळ आकारणी टिकली व मधला धारेकरीही टिकला. बदलले ते वरच्या धन्याचे नाव, असे यावरून म्हणता येते.

मराठ्यांच्या अठराव्या शतकातील राज्यरचनेविषयी १९७० नंतर जे संशोधन झाले त्याने या मताला बळ दिले. फ्रँक पर्लिन याने वतनसंस्थेतील बड्या घराण्यांच्या हक्कांचे जाळे राजवटींच्या पलीकडे कसे पसरलेले होते, ते दाखविले. आंद्रे विंक याने १९८६ च्या आपल्या ग्रंथात ‘फितवा’ या शब्दाला लावलेला नैतिक कलंक बाजूस सारून स्थानिक हक्कदारांना फोडणे, त्यांचे हक्क मान्य करणे व त्यांच्या द्वारे मुलूख आपलासा करणे हीच मराठ्यांच्या विस्ताराची नित्याची रीत होती, असे मांडले. साष्टीच्या बाबतीत हे स्पष्टीकरण बरेचसे लागू पडते. नाईक व देसाई यांच्या साहाय्याविना १७३७ मध्ये ठाणे व साष्टी इतक्या अल्पावधीत हाती आली नसती. परंतु त्याच मोहिमेत वसईस सुमारे दोन वर्षे लागली व उभय पक्षी मोठी प्राणहानी झाली. फितव्याच्या सिद्धांतात या रक्तपाताला जागा नाही. शिवाय पोर्तुगीज जमीनदार हे वाटाघाट करून राहू देण्याजोगे हक्कदार नव्हते. १७३९ नंतर त्यांचा वर्ग साष्टीतून नाहीसाच झाला. जेझुइट, फ्रान्सिस्कन इ. धर्मसंघांकडे असलेली गावे गेली, पाश्चात्त्य धर्मगुरू निघून गेले व चर्चे एतद्देशीय धर्मगुरूंच्या हाती आली. एका संपूर्ण भूधारक वर्गाचे असे निर्गमन हे केवळ धन्याचे नाव बदलणे नव्हे. सातत्यवादी लेखक मुड्याचे सातत्य दाखवितात, पण मुडा कोणाच्या कोठारात गेला हे विचारावयाचे राहून जाते.

१७७४ विषयी तर इतिहासकारांनी जवळजवळ मौनच पाळले आहे. मराठी ग्रंथांत ते साल राघोबादादाच्या कारस्थानाची प्रस्तावना म्हणून येते, इंग्रजी ग्रंथांत पहिल्या इंग्रज-मराठे युद्धाचे निमित्त म्हणून. साष्टी तेथे केवळ तहाचे एक कलम असते: सुरतेच्या तहात दिलेले, पुरंदरच्या तहात वादग्रस्त राहिलेले व सालबाईत कायम झालेले.

साष्टीच्या इतिहासातील सर्वांत खोल फूट या तिन्ही सालांपैकी एकाशीही जुळत नाही. तिचा शोध कोणत्याही किल्ल्याच्या तटाजवळ नव्हे, तर कंपनी सरकारच्या दप्तरातील काही पट्ट्यांत घ्यावा लागतो. मुंबईच्या किल्ल्यात अपोलो दरवाज्याजवळची जागा सरकारला हवी होती. तिच्या मोबदल्यात १८०८ मध्ये होरमसजी बमनजी वाडिया यांना कुर्ला व त्यासोबत मोहिली, कोळेकल्याण, मरोळ, सहार, असल्फे व परजापूर अशी सात गावे देण्यात आली. त्यांवरील वार्षिक खंड सुमारे साडेतीन हजार रुपये होता व तोही १८४०-४१ मध्ये कायमचा बंद झाला. पवईची जमीन प्रथम १७९९ मध्ये डॉ. स्कॉट यांना व नंतर १८२९ च्या सुमारास फ्रामजी कावसजी बानाजी यांना मिळाली. तेथे त्यांनी ऊस, नीळ इ. पिकांचे प्रयोग केले. विक्रोळीचा पट्टा १८३५ चा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साष्टीतील अनेक गावे या रीतीने मुंबईच्या व्यापारी घराण्यांकडे गेली व तेथे खोती पद्धत रुजली.

या पट्ट्यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांत गाव हे एक मालमत्ता म्हणून हस्तांतरित झाले. पोर्तुगीज फोरो हा सेवेच्या अटीशी व पिढ्यांच्या मर्यादेशी बांधलेला होता. मराठी वतन हे गोतसभेच्या मान्यतेशी व सेवेशी निगडित होते. या दोहोंत भूमीवर एकाच वेळी अनेकांचे हक्क गृहीत होते. शहरातील एका भूखंडाच्या बदल्यात मरोळ-सहारची शेते, तळी, ताडीची झाडे व कुळे देता येतात, ही कल्पनाच नवी होती. पुढे गाव विकता येऊ लागले, गहाण ठेवता येऊ लागले व वारसांत वाटता येऊ लागले. क्रांती या शब्दाला साष्टीच्या संदर्भात काही अर्थ द्यावयाचा असेल, तर तो या घटनेला द्यावा लागेल. तिच्यात युद्ध नव्हते, जाहीरनामा नव्हता आणि राजवटही बदलली नाही. त्यामुळे सत्तांतरांच्या कालपटावर ती दिसत नाही. आणि खोत हा शब्द कोकणात जुनाच असल्याने सातत्यवाद्यांनाही ती दिसली नाही. जुन्या शब्दाच्या आवरणाखाली नवा हक्क आला. परिभाषेच्या सातत्यावरून संस्थेचे सातत्य अनुमानिणे किती धोक्याचे असते, याचे याहून चांगले उदाहरण पश्चिम भारतात क्वचितच सापडेल.

या बदलाचे पूर्ण परिणाम दळणवळणाने उघड केले. शीवचा सेतुमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, तर माहीमचा १८४५ मध्ये खुला झाला. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आणि १८६४ मध्ये पश्चिम किनाऱ्याने विरारकडून मुंबईपर्यंत लोहमार्ग आला. १९२५ मध्ये कुर्ल्यापर्यंत व १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या, तेव्हा भातखाचरांचे भूखंड झाले. मरियम दोसाल यांनी मुंबईच्या भूमीवरील संघर्षाचा सतराव्या शतकापासूनचा इतिहास २०१० मध्ये लिहिला. निखिल राव यांनी २०१३ मध्ये मुंबईच्या उपनगरीकरणाचा, मुख्यत्वे दादर-माटुंगा भागाच्या आधारे, अभ्यास केला. या दोन्ही ग्रंथांत भूमी हाच केंद्रबिंदू असल्याने साष्टीच्या अभ्यासाला त्यांनी योग्य दिशा दाखविली आहे. तथापि दोघांचीही दृष्टी शहराकडून गावाकडे जाणारी आहे. मुलुंड, घाटकोपर वा दहिसर ही गावे शहराने गिळण्यापूर्वी काय होती, हे त्यांत थोडक्यात उरकले जाते.

ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातही फुटीची साले राजकीय सालांशी जुळत नाहीत. अंधेरीनजीक जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेले संत जॉन बाप्टिस्टाचे चर्च मराठ्यांच्या विजयानंतरही वापरात होते. ते १८४० मध्ये ओस पडले, ते साथीच्या रोगामुळे. आज त्याचे अवशेष १९७३ मध्ये स्थापन झालेल्या निर्यात-औद्योगिक क्षेत्राच्या आवारात आहेत. याउलट ‘ईस्ट इंडियन’ हे या मराठीभाषक समाजाचे नाव १८८७ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने रूढ केले. गोव्याहून व मंगळूरहून मुंबईत येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण सांगण्याची व सरकारी नोकऱ्यांतील आपला हक्क नोंदविण्याची गरज त्यामागे होती. एल्सी बाप्टिस्टा यांच्या १९६७ च्या ग्रंथात या समाजाचे आचार, पोशाख व गीते यांची मोलाची नोंद आहे. मात्र तीत १८८७ ची अस्मिता मागे सोळाव्या शतकापर्यंत नेलेली दिसते. बोरिवलीजवळील मंडपेश्वर येथे शैव लेण्यालाच सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी चर्चचे रूप दिले. एकाच खडकावरील या थरांकडे बोट दाखवून काही लेखक सहअस्तित्वाचे, तर काही आक्रमणाचे प्रमाणपत्र देतात. खडक दोन्ही गोष्टी सांगतो व त्यांपैकी एकही पूर्णपणे सांगत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळाच्या मूल्यमापनात हा वाद केवळ विद्वानांचा राहत नाही. साष्टीतील इनामी गावांची महसूलमाफी रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५१ मध्ये झाला. १४ ऑगस्ट १९५१ पूर्वी वापरात वा लागवडीखाली न आणलेली पडीक जमीन त्यान्वये राज्याकडे गेली. त्याच्या एकच वर्ष आधी, जून १९५० मध्ये, चीनच्या नव्या शासनाने भूमिसुधारणेचा कायदा केला व पुढील दोनतीन वर्षांत जमीनदार हा वर्गच मोडून काढला. चीनविषयक अभ्यासक १९४९ च्या पलीकडील सातत्य शोधत असले, तरी ग्रामीण भूस्वामित्वाच्या बाबतीत तेथील फूट त्यांना नाकारता आलेली नाही. तिची किंमत मोजलेल्या असंख्य बळींचीही उपेक्षा करता येत नाही. साष्टीत उलट घडले. माफी गेली, पडीक जमीन गेली, पण लागवडीखालील जमिनीचा एकोणिसाव्या शतकातील मालकीहक्क कायम राहिला. १९५० व १९५७ च्या हद्दवाढींनी ही गावे बृहन्मुंबईत आली, तेव्हा याच हक्काला अपूर्व मोल चढले. विक्रोळी येथील खाजगी वनाच्या दाव्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. त्या जमिनीच्या मालकीचा मागोवा १८३५ च्या पट्ट्यापर्यंत जातो. सातत्य म्हणजे शांत, संथ वाहणारा प्रवाह अशी जी छटा इतिहासलेखनात या शब्दाला आली आहे, ती येथे दिशाभूल करते. हे सातत्य न्यायालये, मोजणीखाते व नोंदणीदप्तर यांनी सतत राखून ठेवलेले असते, आणि त्याच दप्तरात ज्यांची नोंद नाही त्यांच्या वाट्याला विस्थापन येते.

नोंद नसलेल्यांत मासेमारीच्या खाड्यांवर रूढीचा हक्क सांगणारे कोळी, आरे-तुळशीच्या डोंगरातील वारली व मल्हार कोळी आणि खोताच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेली कुळे येतात. आरे येथे १९४९ मध्ये दुग्धवसाहतीसाठी जमीन घेतली गेली, तेव्हा पाड्यांवरील लोकांच्या हाती कोणत्याच राजवटीचा कागद नव्हता. गावठाणांच्या सीमांचा वाद अंधेरीपासून दहिसरपर्यंत याच कारणाने चालू आहे. अशा समूहांच्या दृष्टीने १५३४, १७३७ व १७७४ ही साले गौण ठरतील की नाहीत, हे ठरविण्यास लागणारी साधने अगदीच नाहीत असे नाही. चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या, खोतांच्या संस्थानांचे हिशेब, कूळकायद्याखालील दाव्यांची कागदपत्रे व ईस्ट इंडियन आणि कोळी स्त्रियांची लग्नगीते ही त्यांपैकी काही होत. पां. स. पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दप्तरातील पोर्तुगीज राज्यमंडळाचे ठराव १९५३–५७ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध करून एक मोठे दालन उघडले. पुणे व मुंबई येथील दप्तरांशी त्यांची गावनिहाय सांगड घालण्याचे काम मात्र झालेले नाही. मरोळ किंवा मालाड अशा एखाद्याच गावाची १५५४ च्या नोंदवहीपासून १९५१ च्या कायद्यापर्यंतची भूधारणा सलगपणे तपासली गेली, तर मुडा, फोरो, वतन व खोती या चार शब्दांखाली प्रत्येक वेळी प्रत्यक्ष कसणाऱ्याकडे किती धान्य उरत होते, याचा अंदाज बांधता येईल.